त्वचेचें वावडें आणि त्याची नवी कसोटी



बिब्बा उतणें म्हणजे काय, हें महाराष्ट्रांतील जुन्या घरांना सांगावयास नको. बिब्ब्याचें तेल मुळांतच उग्र. तें अधिक लागलें तर कोणाच्याहि कातडीवर फोड आणील. पण त्याच्या ओझरत्या स्पर्शाचा प्रकार मोठा चमत्कारिक आहे. एकाला तो स्पर्श झाला, तरी त्याच्या ध्यानींमनींहि येत नाहीं. दुसऱ्याचें मात्र अंग सुजतें, पुरळ उठतें, आणि खाजेनें त्याला रात्र रात्र झोंप लागत नाहीं. याहूनहि विशेष असें कीं, ज्याला आज बिब्बा उततो, त्याला पहिल्या स्पर्शाच्या वेळीं बहुधा कांहींच झालेलें नसतें. कांहीं दिवस मध्यें जातात, पुन्हा स्पर्श होतो, आणि मग शरीर जणूं जुनें वैर आठवून उठतें. या वैरालाच आपल्या भाषेंत ‘वावडें’ असा नेमका शब्द आहे.

दाह आणि वावडें यांतील भेद प्रथम ध्यानीं घेतला पाहिजे. मिरचीनें हात झोंबतो, कळीच्या चुन्यानें बोटें भाजतात, तेजाबानें कातडी जळते. हा दाह सर्वांनाच होतो, आणि द्रव्य जितकें अधिक तितका तोहि अधिक. वावड्यामध्यें द्रव्य कातडीला जाळीत नाहीं. शरीरच त्या द्रव्याला शत्रु मानून हत्यार उपसतें, आणि घाव मात्र स्वतःच्याच कातडीवर पडतो. शिवाय हें वैर एकदां जडलें म्हणजे तें बहुधा जन्मभर टिकतें, आणि शत्रूच्या भाऊबंदांनाहि सोडीत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत आलेल्या कित्येक अमेरिकन सैनिकांच्या अंगावर, धोब्यानें कपड्यांवर घातलेल्या बिब्ब्याच्या खुणेखालीं, पुरळ उठूं लागलें; १९४३ सालीं अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांत त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. सैनिकांनीं बिब्बा जन्मांत पाहिला नव्हता. परंतु त्यांच्या देशांत ‘पॉयझन आयव्ही’ नांवाची एक वनस्पति रानोमाळ उगवते. तिचा रस आणि बिब्ब्याचें तेल हीं रसायनदृष्ट्या एकाच कुळांतलीं. ज्याचें वैर त्या वेलीशीं जडलें होतें, त्याला समुद्रापलीकडचा हा तिचा भाऊबंद पहिल्याच भेटींत भोंवला.

आजच्या घरांतून बिब्बा जवळजवळ गेला. पण वावडें उत्पन्न करणारीं द्रव्यें कमी झालीं नाहींत, उलट वाढलीं. केस काळे करण्याच्या कलपांतील पॅराफेनिलिनडायअमिन, नकली दागिन्यांतील निकेल, अत्तरांतील व सुवासिक साबणांतील कांहीं सुगंधी द्रव्यें, मलमें व शांपू नासूं नयेत म्हणून त्यांत घातलेलीं रसायनें, रबराचे हातमोजे करतांना वापरलेलीं द्रव्यें, सिमेंटांतील क्रोमियम, अशी ही यादी लांबवितां येईल. निसर्गहि यांत मागें नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत पुण्याच्या परिसरांत नोंदलें गेलेलें गाजरगवत पाहतां पाहतां साऱ्या देशांत पसरलें, आणि १९७० नंतरच्या दशकांत त्यापासून तोंडावर, मानेवर व हातांवर उठणाऱ्या चिवट इसबाचें वर्णन पुण्याच्या रोग्यांवरूनच वैद्यकाच्या ग्रंथांत गेलें.

हें दुखणें जीव घेत नाहीं, म्हणून त्याला किरकोळ समजण्याची चाल आहे. परंतु ज्याची रोजी हातांवर चालते, त्याच्या दृष्टीनें विचार करा. गवंड्याला सिमेंटाचें वावडें जडलें, केशभूषा करणाऱ्या बाईला कलपाचें जडलें, किंवा दवाखान्यांतील परिचारिकेला हातमोज्यांचें जडलें, तर औषधानें पुरळ बसेल. पण तें द्रव्य पुन्हा हातीं येतांच तें पुन्हा उठेल. यावर खात्रीचा उपाय एकच, आणि तो म्हणजे त्या द्रव्याचा संसर्ग टाळणें. गरिबाच्या बाबतींत याचा अर्थ पोटाचा धंदा सोडणें असा होतो. म्हणूनच एखादें नवें रसायन बाजारांत येण्याच्या आधीं तें वावडें उत्पन्न करील कीं काय, हें जाणण्याची गरज आहे.

तें जाणावें कसें? माणसांवर प्रयोग करावे, तर ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्यालाच आपण जन्माचें वैर लावून देणार. म्हणून शास्त्रज्ञ जनावरांकडे वळले. आणि आतां, गेल्या दहापंधरा वर्षांत, जनावरांवांचून ही परीक्षा करण्याचा तिसरा मार्ग खुला झाला आहे. त्याचीच हकीकत मला आज सांगावयाची आहे.

या हकीकतीचें मूळ न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत सांपडतें. मनुष्याच्या रक्ताचे गट शोधून काढल्याबद्दल १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे कार्ल लँडस्टायनर यांनीं, जॉन जेकब्स या आपल्या सहकाऱ्याबरोबर, १९३५ व १९३६ सालीं साध्या रसायनांपासून गिनीपिगांच्या कातडीस वावडें कसें जडतें याविषयींचे प्रयोग प्रसिद्ध केले. गिनीपिग हा सशाहून लहान, मूळचा दक्षिण अमेरिकेंतला गरीब प्राणी. या प्रयोगांत एक फार मोलाची गोष्ट आढळली. जीं रसायनें प्रथिनासारख्या पदार्थांशीं सहज संयोग पावतात, तींच वावडें उत्पन्न करतात. जीं संयोग पावत नाहींत, तीं सहसा करीत नाहींत. म्हणजे वावड्याचें पहिलें पाऊल शरीराच्या गूढ शक्तींत नसून साध्या रसायनशास्त्रांत आहे. हा धागा त्या वेळींच हातीं आला होता. पण त्याची कसोटी बनविण्यास पुढें सुमारें पाऊणशें वर्षें लागलीं.

मधल्या काळांत जनावरांवरील कसोट्याच रूढ झाल्या. १९६९ सालीं स्वीडनचे मॅग्नुसन व अमेरिकेचे क्लिगमन यांनीं बसविलेली कसोटी अनेक दशकें प्रमाण मानली जात होती. तींत गिनीपिगाच्या खांद्यांजवळील कातडींत रसायन, व त्याबरोबर शरीराला चिथावणारें दुसरें एक मिश्रण, सुईनें टोंचीत. आठवड्यानें त्याच जागीं रसायनाची पट्टी दोन दिवस बांधून ठेवीत. आणखी दोन आठवड्यांनीं बगलेच्या बाजूस दुसरी पट्टी लावून कातडी किती लाल होते हें डोळ्यांनीं पाहून ठरवीत. एका रसायनासाठीं निदान दहा गिनीपिग प्रयोगाला आणि पांच तुलनेला लागत.

पुढें उंदरांची कसोटी आली. इंग्लंडमध्यें इयन किंबर व त्यांचे सहकारी यांनीं ती १९८० नंतरच्या दशकांत बसविली, आणि २००२ सालीं आर्थिक सहकार्य व विकास संघटनेनें, म्हणजे ओ.ई.सी.डी. या आंतरराष्ट्रीय मंडळानें, तिला मान्यता दिली. पायाला जखम झाली म्हणजे जांघेंत अवधाण येतें, हें आपण सर्व जाणतों. जखमेची वार्ता जवळच्या ग्रंथींत पोंचते, तेथें लढाऊ पेशींची संख्या वाढते, आणि ग्रंथि फुगते. हेंच तत्त्व येथें वापरलें आहे. उंदराच्या कानाच्या पाठीवर तीन दिवस रसायन लावावयाचें, सहाव्या दिवशीं त्याला मारून कानाजवळच्या ग्रंथि काढावयाच्या, आणि तेथें पेशींची वाढ किती झाली हें मोजावयाचें. वाढ तिपटीपर्यंत गेली, कीं रसायन दोषी. यांत त्रास कमी, वेळहि कमी, आणि लाली मोजण्याऐवजीं आंकडा हातीं येतो. परंतु एका रसायनामागें निदान सोळा उंदीर जातातच.

येथें कोणी म्हणेल कीं, माणसाची कातडी वांचावयाची असेल तर सोळा उंदरांचें एवढें काय? या प्रश्नाला भूतदयेच्या बाजूनें उत्तर देतां येईल. पण मी प्रथम शास्त्राच्या बाजूनेंच देतों. उंदीर हा लहान माणूस नव्हे. निकेलचें वावडें हें मनुष्यजातींतील सर्वांत आढळणाऱ्या वावड्यांपैकीं एक. नकली कर्णफुलांनीं कान चिघळलेल्या मुली आपल्या ओळखींतहि असतील. पण उंदराच्या या कसोटींत निकेलचे क्षार बहुधा निर्दोष ठरत. याचें कारण २०१० सालीं जर्मन संशोधकांनीं दाखवून दिलें. मनुष्याच्या पेशींवर धोक्याची सूचना देणारें एक विशिष्ट प्रथिन असतें. निकेल त्याला जेथें चिकटतें, तेथली घडण उंदरांत वेगळी आहे. जें कुलूपच निराळें, त्याला आमची किल्ली लागावी कशी? उलटपक्षीं, फेंस आणणारें सोडियम लॉरिल सल्फेट हें द्रव्य कातडीला नुसतें चुरचुरवतें, वावडें उत्पन्न करीत नाहीं. तरी उंदराच्या ग्रंथि त्यानें फुगतात व तें दोषी ठरतें. म्हणजे हा साक्षीदार चोराला सोडतो आणि साव असेल त्याला कधीं कधीं पकडून देतो. तो सर्वस्वीं खोटा आहे असें नव्हे. त्याच्या साक्षीवर पुष्कळ रसायनांची खरी पारख झालेली आहे. परंतु त्याचा शब्द अखेरचा मानण्याइतका तो निर्दोष नाहीं.

आतां भूतदयेची बाजू. १९५९ सालीं रसेल व बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनीं प्रयोगांतील दयाबुद्धीवर एक ग्रंथ लिहिला. जनावरांच्या जागीं दुसरें साधन मिळत असेल तर तें घ्यावें. मिळत नसेल तर कमींत कमी जनावरें वापरावीं. आणि वापरावींच लागलीं तर त्यांचे क्लेश कमी करावे, अशीं तीन तत्त्वें त्यांनीं मांडलीं. कांहीं दशकांनीं तीं कायद्यांत उतरलीं. युरोपीय संघानें सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांवरील प्राणिप्रयोग २००९ सालीं बंद केले, आणि ११ मार्च २०१३ पासून असे प्रयोग केलेल्या नव्या प्रसाधनांची विक्रीहि बंद केली. भारत सरकारनें २०१४ सालीं प्रसाधनांसाठीं जनावरांवर प्रयोग करण्यास मनाई केली, आणि त्याच वर्षीं अशा रीतीनें पारखलेल्या प्रसाधनांच्या आयातीसहि. तेव्हां प्रश्न केवळ दयेचा उरला नाहीं. जुनी वाट कायद्यानें बंद झाली. नवी सांपडली नाहीं, तर नव्या रसायनाची परीक्षा व्हावी कशी?

नवी वाट सांपडली ती वावड्याचा प्रवास पायरीपायरीनें समजला म्हणून. २०१२ साली ओ.ई.सी.डी.नें हा प्रवास चार पायऱ्यांत मांडून प्रसिद्ध केला. त्या पायऱ्या अशा : पहिल्या पायरीला रसायनाचा लहानसा रेणू कातडीचा वरचा थर ओलांडून आंत शिरतो व तेथील प्रथिनाला घट्ट चिकटतो. एकटा रेणू इतका क्षुद्र असतो कीं शरीराचे पहारेकरी त्याच्याकडे ढुंकूनहि पाहात नाहींत. पण त्याच्या चिकटण्यानें घरच्याच प्रथिनाचें रूप पालटतें, आणि घरचा माणूस परका दिसूं लागतो. दुसऱ्या पायरीला कातडीच्या मुख्य पेशी या उपद्रवानें अस्वस्थ होऊन धोक्याच्या सूचना सोडतात. तिसऱ्या पायरीला कातडींतील फांद्याफांद्यांच्या आकाराच्या पहारेकरी पेशी जाग्या होतात, तें पालटलेलें प्रथिन उचलतात आणि जवळच्या ग्रंथीकडे निघतात. या पेशी १८६८ सालीं पाउल लँगरहान्स यांनीं, विद्यार्थिदशेंत असतांनाच, प्रथम पाहिल्या. चौथ्या पायरीला ग्रंथींत त्या शत्रूची ओळख पटलेल्या लढाऊ पेशी वाढतात, आणि त्यांतील कांहीं स्मरण ठेवून वर्षानुवर्षें अंगांत फिरत राहतात. पुढच्या भेटींत एकदोन दिवसांत जें पुरळ उठतें, तें या स्मरणाचें फळ.

प्रवासाच्या पायऱ्या कळल्या म्हणजे प्रत्येक पायरीवर एक एक नाकें बसवितां येतें. संपूर्ण जनावर घेण्याची गरज उरत नाहीं. प्रत्येक पायरीचें सोंग कांचेच्या नळींत आणतां येतें. पहिल्या तीन पायऱ्यांवर अशीं तीन नाकीं बसविलीं गेलीं आहेत.

पहिलें नाकें शुद्ध रसायनशास्त्राचें. त्यांत जीव कसलाच नाहीं. प्रथिनांत ज्या ठिकाणीं परके रेणू विशेषेंकरून चिकटतात, अशीं दोन ठिकाणें म्हणजे सिस्टीन व लायसीन हे घटक. हे घटक असलेले प्रथिनाचे दोन लहान कृत्रिम तुकडे बनवून त्यांत संशयित रसायन मिसळतात, आणि तें मिश्रण चोवीस तास पंचवीस अंश उष्णतेवर ठेवतात. मग किती तुकडे मोकळे उरले हें यंत्रानें मोजतात. जे गेले ते रसायनानें बांधले. दोहोंची सरासरी घट शेंकडा ६.३८ हून अधिक भरली, तर रसायन संशयास्पद. मघां सांगितलेल्या गाजरगवतांतील पार्थेनिन हें द्रव्य सिस्टीनमधील गंधकाशीं असेंच पटकन जुळतें. त्याच्या उपद्रवाचें मर्म याच जुळणींत आहे. लँडस्टायनरना १९३५ सालीं जें दिसलें, तेंच येथें अंकांत उतरलें आहे. या कसोटीला २०१५ सालीं मान्यता मिळाली.

दुसरें नाकें कातडीच्या पेशींचें. मनुष्याच्या कातडीपासून निघालेल्या व प्रयोगशाळेंत पिढ्यान् पिढ्या वाढणाऱ्या पेशी येथें वापरतात. पेशींच्या अंगीं एक पहाऱ्याची योजना असते : चिकटणारें रसायन आलें कीं बचावाचीं कांहीं प्रथिनें बनविण्याचा हुकूम सुटतो. शास्त्रज्ञांनीं त्या हुकुमाला काजव्याच्या अंगांतील प्रकाश उत्पन्न करणारें द्रव्य जोडून दिलें. त्यामुळें हुकूम सुटतांच पेशी उजेड देऊं लागतात. अठ्ठेचाळीस तासांनीं तो उजेड नेहमींच्या दीडपट किंवा अधिक भरला, आणि पेशी मेलेल्या नसल्या, म्हणजे रसायन दोषी. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीच्या पायथ्याशीं झाडें उजळून टाकणारा काजवा प्रयोगशाळेंत साक्षीला येईल असें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसेल. ही कसोटीहि २०१५ सालींच मान्य झाली.

तिसरें नाकें पहारेकऱ्यांचें. कातडींतील खऱ्या पहारेकरी पेशी जमविणें व सारख्या प्रतीच्या राखणें कठीण. म्हणून त्यांच्या जागीं रक्तांतील तत्सम पेशींचा एक वंश घेतात. हा वंश जपानमध्यें रक्ताच्या कर्करोगानें आजारी असलेल्या एका वर्षाच्या मुलाच्या रक्तांतून निघाला, व त्याचें वर्णन १९८० सालीं प्रसिद्ध झालें. जगभरच्या प्रयोगशाळांत त्या पेशी अद्यापि वाढत आहेत. ज्या मुलाला त्या मिळाल्या त्याला त्यांचा उपयोग झाला नाहीं, पण असंख्य अनोळखी माणसांच्या कातडीचें रक्षण आज त्या करीत आहेत. पहारेकरी जागा झाला म्हणजे त्याच्या अंगावर दोन विशिष्ट प्रथिनें वाढतात. रसायनाबरोबर चोवीस तास ठेवल्यावर त्यांपैकीं एक दीडपट किंवा दुसरें दुप्पट झालें, तर जाग आली असें समजावयाचें. जपानमधील काओ व शिसेइडो या प्रसाधनें करणाऱ्या मंडळ्यांच्या शास्त्रज्ञांनीं बसविलेल्या या कसोटीला २०१६ सालीं मान्यता मिळाली.

परंतु या तिन्ही कसोट्यांपैकीं कोणतीहि एकटी पुरेशी नाहीं. एक नुसती चिकटण्याची शक्ति पाहते, दुसरी अस्वस्थता पाहते, तिसरी जाग पाहते. आणि प्रत्येकीच्या नजरेंत कांहीं तरी चुकतें. म्हणून शास्त्रज्ञांनीं आपल्या गांवकीच्या पंचायतीसारखीच युक्ति काढली. तिघांपैकीं दोघांचें एकमत होईल तो निकाल. जून २०२१ मध्यें ओ.ई.सी.डी.नें या पद्धतीला नियमाचें रूप दिलें, आणि जनावरांच्या कसोटीऐवजीं ती स्वीकारावी असें ठरविलें. काठावरचे आंकडे आले असतां घाईनें दोषी वा निर्दोषी न म्हणतां निकाल अनिर्णित ठेवावा, अशीहि तींत सोय आहे. त्याच नियमांत दुसरीहि एक रीत आहे. तींत रसायनाच्या रचनेवरून संगणकानें केलेलें अनुमान पहिल्या व तिसऱ्या कसोटीला जोडून, रसायन तीव्र वावडें उत्पन्न करील कीं सौम्य, हेंहि सांगतां येतें. मनुष्यांविषयीं पूर्वींपासून ठाऊक असलेल्या माहितीशीं ताडून पाहतां या नव्या पद्धतींचा मेळ उंदरांच्या कसोटीपेक्षां कमी भरला नाहीं, हें त्यांच्या स्वीकाराचें मुख्य कारण. भारत ओ.ई.सी.डी.चा सभासद नाहीं. तथापि परस्परांचे कसोट्यांचे निकाल मान्य करण्याच्या तिच्या व्यवस्थेंत आपला देश २०११ पासून पूर्णपणें सामील आहे. त्यामुळें मान्यता मिळालेल्या भारतीय प्रयोगशाळेंत या पद्धतींनीं योग्य रीतीनें काढलेला निकाल परदेशींहि चालतो.

आतां नव्याचें कौतुक करतांना त्यांतील उणिवा झांकून ठेवणें बरें नव्हे. कांहीं रसायनें मूळ रूपांत निरुपद्रवी असतात, आणि हवेनें किंवा कातडींतील पाचक द्रव्यांनीं पालटल्यावर मग उपद्रवी होतात. संत्र्यालिंबांच्या सालींतील लिमोनीन हें ताजें असतांना फारसें दोषी नाहीं. पण हवेंत राहून शिळें झालें कीं त्यापासून वावडें जडूं शकतें. नळींतील प्रथिनाच्या तुकड्यांना हवेंतला वा कातडींतला हा पालट नेहमींच दिसेल असें नाहीं. धातूंचे क्षार पहिल्या कसोटीच्या कक्षेबाहेर राहतात. पाण्यांत न विरघळणारीं तेलकट द्रव्यें पेशींच्या कसोट्यांना अवघड जातात. चौथ्या पायरीसाठीं, म्हणजे ग्रंथींतील लढाऊ पेशींच्या वाढीसाठीं, तर या तिघींत नाकेंच नाहीं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘प्राण्यांवांचून’ हा शब्द आपण सैलपणें वापरतों. प्रयोगशाळेंत पेशी वाढविण्यासाठीं जें पोषक द्रव लागतें, त्यांत गाईच्या अजून न जन्मलेल्या वासराच्या रक्तांतील निवळ घालण्याची रीत फार जुनी आहे. खाटिकखान्यांत कापलेल्या गाभण गाईंपासून ती मिळवितात. म्हणजे उंदीर सुटला, पण वासराचें ऋण राहिलें. या निवळीच्या जागीं मनुष्याच्या रक्तांतून काढलेलीं किंवा सर्वस्वीं कृत्रिम अशीं पोषणद्रव्यें वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत, व त्यांना थोडेंफार यशहि आलें आहे. परंतु तोंपर्यंत ‘जनावरांचा संबंध नाहीं’ असें छातीठोकपणें म्हणण्याचा हक्क आपल्याला नाहीं. त्याचप्रमाणें एखाद्या डबीवर ‘प्राण्यांवर प्रयोग केलेले नाहींत’ असें छापलेलें असलें, तरी त्यांतील जुन्या घटकांची पारख पूर्वीं केव्हां तरी जनावरांवर झालेली असण्याचा संभव पुष्कळच आहे. ती माहिती आज आपण वापरतों. निदान ती पुन्हा तशाच रीतीनें मिळविण्याचा मोह तरी नको.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कसोटी खरी असली, तरी तिचें म्हणणें माणसानें ऐकलें पाहिजे. मिथिलआयसोथायाझोलिनोन या लांबलचक नांवाचें एक टिकाऊ द्रव्य आहे; मलमें, शांपू व ओल्या पुसण्या नासूं नयेत म्हणून तें घालीत. तें वावडें उत्पन्न करूं शकतें हें जनावरांवरील कसोट्यांवरून ठाऊक होतें. तरी २००५ सालीं युरोपमध्यें, दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत, तें एकटें वापरण्यास प्रसाधनांत परवानगी मिळाली. पुढच्या थोड्या वर्षांत युरोपांतील त्वचारोगतज्ज्ञांकडे या वावड्याच्या रोग्यांची रीघ लागली. आणि अखेर २०१७ पासून अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी आली, तर २०१८ पासून धुवून टाकावयाच्या प्रसाधनांत त्याचें प्रमाण पंधरा भागांवर आणलें गेलें. येथें गिनीपिगाची चूक नव्हती, उंदराचीहि नव्हती. ‘हें द्रव्य दोषी आहे काय’ हा एक प्रश्न. ‘तें किती, कोठें आणि किती वेळां अंगाला लागेल’ हा दुसरा. पहिल्याचें उत्तर नळींत मिळतें. दुसऱ्याचें उत्तर माणसाच्या न्हाणीघरांत, स्वयंपाकघरांत आणि कारखान्यांत शोधावें लागतें, आणि तेथें हिशेबाला लोभाची भेसळ झाली तर कोणतीहि कसोटी तारूं शकत नाहीं.

मग घरांतील माणसांनीं काय करावें? कलपाच्या पेटींतील सूचना फेंकून देऊं नयेत, वाचाव्या. लग्नसराईंत झटपट काळीभोर रंगणारी म्हणून जी मेंदी विकतात, तींत बहुधा कलपाचेंच तीव्र द्रव्य मिसळलेलें असतें. ती मुलींच्या हातांना लावूं नये. मेंदीच्या पानांचा रंग तांबूस असतो, काळा नव्हे, एवढें लक्षांत ठेवलें तरी पुरे. कांहीं लावल्यावर दुसऱ्या तिसऱ्या दिवशीं त्याच जागीं खाज सुटूं लागली, तर ‘संवय होईल’ असें म्हणून तें तसेंच चालूं ठेवूं नये. वावड्याची संवय होत नाहीं, तें वाढतच जातें. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर लहान लहान पट्ट्या लावून नेमकें कोणतें द्रव्य बाधतें हें शोधून काढतात. ही पट्ट्यांची परीक्षा योझेफ याडासोन यांनीं १८९५ सालीं प्रथम मांडली, आणि आजहि तिच्याहून चांगलें साधन नाहीं. तिचा निकाल लिहून जवळ ठेवावा, म्हणजे पुढें कोणतीहि डबी घेतांना तो ताडून पाहतां येतो.

रसायनांवांचून आजचें घर चालणार नाहीं. आणि रसायनांची पारख केल्यावांचून तीं घरांत घेणें शहाणपणाचें नाहीं. ही पारख करण्यासाठीं आपण कित्येक दशकें मुक्या जिवांच्या कातडीवर आपले प्रश्न लिहिले, आणि उत्तरें पुष्कळदां त्यांच्याच भाषेंत मिळालीं. आतां तेच प्रश्न मनुष्याच्या प्रथिनांना व मनुष्याच्या पेशींना विचारतां येऊं लागले आहेत, आणि उत्तरें अधिक जवळचीं मिळत आहेत. दया आणि अचूकपणा या दोन गोष्टी नेहमींच एका वाटेनें जात नाहींत. येथें त्या गेल्या आहेत. म्हणून ही वाट पुढें रुंद करण्याचें काम आपल्याकडील प्रयोगशाळांनीं, विद्यार्थ्यांनीं, आणि डबी विकत घेण्यापूर्वीं तिच्यावरील मजकूर वाचणाऱ्या प्रत्येक गृहस्थानें व गृहिणीनें आपलें म्हणून उचलावें, एवढीच माझी विनंति आहे.